भावाला देवानं माफ केलं म्हणे, मग माझ्या हिश्श्याचं काय? (योहान ८ बद्दल पण विचारायचंय)

गोदाकाठची_लेक

सगळ्यांना सलाम, जय ख्रिस्त. पहिल्यांदाच लिहायले इथं. मी परभणीकडची, माहेर जालना जिल्ह्यात, गावाचं नाव लिहीत नाही कारण आमच्या मंडळीतले अर्धे लोक इथंच वाचत बसलेले असतात.

गोष्ट अशी की वडील गेल्यावर मोठ्या भावानं मला बोलावून घेतलं, म्हणला पीककर्जाचं नवंजुनं करायचंय, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि मी काही न वाचता सह्या केल्या, फोटो दिला, अंगठे दिले, चहा पिला आणि परतीच्या यष्टीत बसले. पुढं रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला, तेव्हा कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. सातबाऱ्यावर माझं नावच नाही. विचारलं तर म्हणला तुझ्या लग्नात काय कमी खर्च केला का. तेव्हापासून बोलणं नावापुरतं.

आता या उपवासकाळात तिकडं संजीवन सभा झाल्या, त्यात भावानं उभं राहून साक्ष दिली. मी लोभी होतो, पैशाच्या मागं लागलो, घरच्यांना दुखवलं, पण प्रभूनं मला धुवून काढलं, आता मी नवा माणूस आहे. लोक रडले म्हणे. व्हिडिओ मला फॅमिली ग्रुपवरच आला, खाली सगळ्यांचं हालेलूया हालेलूया. मी तो परत परत पाहिला, माझं नाव कुठं येतंय का म्हणून. नाही आलं.

मग वहिनीचा फोन. ताई आता मनात काही ठेवू नका, ज्याला प्रभूनं माफ केलं त्याला दोष लावणारे आपण कोण, योहानाचा आठवा अध्याय काढून वाचा, व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, ज्याच्यात पाप नसेल त्यानं पहिला दगड टाकावा. त्या वचनापुढं मला तोंडच उघडता येईना.

माझा लेक संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, त्याला सांगितलं तर तो म्हणला मम्मी ती गोष्ट मूळ बायबलमधी नाहीच, मागून कुणीतरी घातलीय, आणि मोबाईलवर काढून दाखवलं, तो सगळा भाग कंसात, खाली बारीक टीप की जुन्या प्रतींत हा मजकूर नाही. खरं सांगते, क्षणभर लई बरं वाटलं, म्हटलं चला वहिनीच्या हातातला दगड तर गेला. आणि रात्री अंथरुणावर पडले तर धस्स झालं. कारण माझ्याही आयुष्यात एक गोष्ट आहे, इथं लिहिणार नाही, तिच्यातून मला त्याच पानानं उठवलं होतं. ते पानच खोटं असलं तर मी कशावर उभी आहे? आणि एक पान मागून घातलं असलं तर बाकीच्या पानांचं काय?

तर मला दोन्ही विचारायचंय. ती गोष्ट खरी का नाही. आणि भावाला माफी मिळाली असली तर मी हिस्सा मागणं हे पाप आहे का. आमच्या इथं पाळकांना विचारायची सोय नाही, ते भावाच्याच घरी जेवतात.

मास्तर_रिटायर्ड_जालना

लेकी, तुझ्या पोराची अर्धी गोष्ट खरी आहे. अर्धीच माहिती यूट्यूबवर लवकर पसरते.

खरी अर्धी अशी. योहान ७:५३ ते ८:११ हा भाग योहानाच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या मोठ्या हस्तलिखितांत नाही. व्हॅटिकन आणि सिनाय नावाची चौथ्या शतकातली दोन हस्तलिखितं आहेत, त्यांतही नाही. काही नंतरच्या प्रतींत ही गोष्ट लूकच्या २१ व्या अध्यायाच्या शेवटी सापडते, काहींत योहानाच्या अगदी शेवटी. म्हणजे लिहून घेणाऱ्यांना गोष्ट माहीत होती, हवी होती, पण ठेवायची कुठं यावर एकमत नव्हतं. मिशनरी विल्यम कॅरींनी बंगालातल्या सेरामपूरला १८११ मध्ये मराठी नवा करार छापला तेव्हा ते सिनायचं हस्तलिखित युरोपातल्या पंडितांना ठाऊकच नव्हतं, १८४४ नंतर उजेडात आलं. तुझ्या आजीच्या बायबलात कंस नसेल तर त्याचं हे एक कारण समज.

आता दुसरी अर्धी, जी पोरानं सांगितली नाही. मागून लिहिली म्हणजे खोटी, असं नसतं. तिसऱ्या शतकात सिरियाकडं मंडळीच्या शिस्तीचं एक पुस्तक होतं, डिडास्कालिया म्हणतात त्याला, त्यात बिशपांना दटावलंय की पश्चात्ताप करून आलेल्या माणसाला हाकलून लावू नका, प्रभूनं त्या बाईला कसं वागवलं ते बघा. म्हणजे व्हॅटिकनचं हस्तलिखित लिहायच्या आधीच ही गोष्ट मंडळीत सांगितली जात होती, आणि क्षमेसाठीच सांगितली जात होती. पुढं जेरोम, लॅटिन बायबल करणारा पंडित, लिहितो की बऱ्याच ग्रीक आणि लॅटिन प्रतींत त्यानं ती पाहिली. आणि त्याच काळातला बिशप ऑगस्टीन तर म्हणतो की काही कच्च्या विश्वासाच्या लोकांनी मुद्दाम काढून टाकली असावी, बायकांना मोकळं रान मिळेल या भीतीनं. त्याचं म्हणणं बरोबरच आहे असं मी म्हणत नाही, आजचे बरेच अभ्यासक ते मानत नाहीत. पण नवऱ्यांना कशाची भीती वाटत होती ते मात्र त्यातून कळतं!

माझं स्वतःचं मत विचारशील तर गोष्ट घडलेली आहे, योहानाच्या हातची नसावी. यावर अभ्यासक माणसं आणखी शंभर वर्षं भांडतील, भांडू दे. तुझं उठणं त्या एका पानावर नव्हतं. पापी म्हणून ओळखली जाणारी बाई येशूचे पाय आसवांनी धुते ते लूकच्या सातव्या अध्यायात आहे, त्याला कुठल्याच हस्तलिखितात कंस नाही. उधळ्या पोराला कंस नाही. क्रुसावरच्या चोराला नाही. एका पानात जे मिळालं ते इतर पानांत सगळीकडं सांडलेलं आहे.

आणि वहिनीच्या दगडाबद्दल एकच सांगतो. त्या गोष्टीत एका बाजूला गावातली वजनदार माणसं, शास्त्री-परुशी, हातात कायदा, आणि मधे एकटी उभी केलेली बाई. तुमच्या घरात वजनदार कोण आणि मधे एकटं कोण उभंय? वहिनीनं वचन बरोबर काढलं पण माणसं उलटी उभी केली. शिवाय तिनं शेवटची ओळ वाचलेली दिसत नाही, जा आणि यापुढं पाप करू नको.

अग्नी_नांदेड

प्रेझ द लॉर्ड. मास्तर तुम्ही वडिलांसारखे आहात म्हणून जास्त बोलत नाही पण हे जुन्या प्रती नव्या प्रती जे चाललंय त्यानं किती तरुण पोरं मंडळीतून गेली ते मी बघितलंय. एदेन बागेत सापानं पण हाच प्रश्न विचारला होता, देवानं खरंच असं म्हटलं का. २ तीमथ्य ३:१६ सांगतं प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे, प्रत्येक. कंस माणसानं टाकला, वचन देवाचं आहे. ताई तुम्हाला ज्या वचनानं उठवलं ते खोटं कसं असंल, खोट्यानं कुणी उठतं का?

दुसरं म्हणजे क्षमा. मत्तय ६:१५ एकदम क्लिअर आहे, तुम्ही माफ केलं नाही तर पिता तुम्हाला माफ करणार नाही. अटी टाकून माफी होत नसती. आणि १ करिंथ ६ मध्ये पौल विचारतो, अन्याय का सहन करत नाही, नुकसान का सोसत नाही. एका विश्वासणाऱ्यानं दुसऱ्या विश्वासणाऱ्याला कोर्टात ओढणं हाच पराभव आहे म्हणतो. मला माहितेय हे कडू आहे. पण वचन आहे.

मास्तर_रिटायर्ड_जालना

नांदेडकर, तुझा राग समजतो. पण कंस टाकणारे बायबलचे शत्रू नव्हते रे, बहुतेक जण प्रार्थना करणारी माणसं होती. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशयाची अख्खी गुंडाळी सापडली, तोवर जी सगळ्यात जुनी हिब्रू प्रत हाताशी होती तिच्यापेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी. लोकांची छाती धडधडली असणार, हजार वर्षांत काय काय बदललं असेल म्हणून. ताडून बघितलं तर स्पेलिंगा, इकडचा शब्द तिकडं, काही ओळींत किरकोळ फरक, पण तुझ्या-माझ्या बायबलातला यशया तोच निघाला. हे कळलं कसं, तर याच लोकांनी ओळ न ओळ ताडली म्हणून. ग्रीक नव्या कराराची पाच हजारांहून जास्त लहानमोठी हस्तलिखितं आहेत, त्यातनं एवढ्या लांबीचे वादाचे उतारे दोनच, हा एक आणि मार्कचा शेवट, १६:९ पासून पुढचा. ज्या हातांनी कंस टाकला त्याच हातांनी बाकीच्या पानांना कंस टाकला नाही, हेही धर ना मनात.

१ करिंथ ६ काढलास ते बरं केलंस. पाचवं वचन पण वाच, तिथं पौल मंडळीला विचारतो की तुमच्यात भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस नाही का. म्हणजे कोर्टात जाऊ नका याचा अर्थ गप्प बसा असा नाही, मंडळीनं बसून निवाडा करा असा आहे. आणि आठवं वचन कुणाला आहे? तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच नाडता, आणि ते पण आपल्याच भावांना. नुकसान सोस हे सातवं वचन नाडलेल्याला ऐकवायचं आणि आठवं वचन नाडणाऱ्याला ऐकवायचंच नाही, ही आपल्या मंडळ्यांची जुनी खोड आहे.

छावणीवाली

मी कॅथलिक आहे, संभाजीनगर छावणीतली, मधेच बोलते चालेल ना.

योहान ८ चं आमच्याकडं टेन्शन नाही, १५४६ ला ट्रेंटच्या धर्मसभेत लॅटिन बायबलातली पुस्तकं सगळ्या भागांसकट पवित्र शास्त्र म्हणून धरली, त्यात ही गोष्ट आली. कुणी लिहिली हा प्रश्न वेगळा आणि ती शास्त्र आहे का हा वेगळा, आमचे फादर पण हेच सांगतात.

पण मला ताईच्या भावाबद्दल बोलायचंय. आमच्यात कन्फेशनला कुणी गेलं आणि म्हणलं फादर मी बहिणीची जमीन लुबाडली, तर फादर पापक्षमा देतील पण आधी विचारतील परत कधी देणार. धर्मशिक्षणाच्या मोठ्या ग्रंथात १४५९ क्रमांकाला सरळ लिहिलंय की पापमोचनानं पाप जातं पण पापानं जे बिघडवलं ते सगळं आपोआप नीट होत नाही, चोरलेली वस्तू परत करावी, ज्याची बदनामी केली त्याचं नाव परत चांगलं करावं, साधा न्यायच तेवढं मागतो. आणि द्यायचा इरादाच नसंल तर तो पश्चात्ताप आहे का हाच प्रश्न.

आणि हे काय आमच्या पोपनं काढलेलं नाही. लेवीय ६ वाचा, शेजाऱ्याला फसवून घेतलं असेल तर घेतलेलं पूर्ण परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, आणि मग दोषार्पण घेऊन ये. आधी शेजारी, मग वेदी. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू तेच बोलतो, वेदीपुढं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. तुमच्या भावानं माईक धरला तो वेदीपुढंच ना?

अग्नी_नांदेड

सिस्टर पण मग येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं काय? त्यानं तीस रुपये परत केले. निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं असं तोंडानं बोलला पण. पैसे परत केल्यानं पश्चात्ताप होत असता तर यहूदा वाचला असता. आणि क्रुसावरच्या चोरानं काय परत केलं? काहीच नाही, हातपाय ठोकलेले होते, तरी आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील. कृपा फुकट आहे, तुम्ही तिला हप्ते लावायले.

छावणीवाली

भाऊ चांगला मुद्दा आहे, मी विचार करत बसले भाजी निवडता निवडता. यहूदानं पैसे परत केले ते कुणाला? याजकांना, ज्यांनी दिले होते त्यांना. ते म्हणाले आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. ज्याचा घात केला त्याच्याकडं तो गेलाच नाही. शिष्य पेत्रानं पण प्रभूला ओळखत नाही म्हणून नाकारलं होतं ना, पण समुद्राकाठी प्रभू दिसल्यावर तो पाण्यात उडी टाकून त्याच्याकडं गेला. माझा मुद्दा पैशाचा नाहीच, ज्याला दुखवलं त्याच्या समोर जायचा आहे. आणि चोराचं म्हणाल तर त्याला खाली उतरून कुणाच्या दारात जाता येत नव्हतं. ताईच्या भावाचे हातपाय मोकळे आहेत, बाहेर गाडी उभी आहे.

कोर्टाच्या_आवारात_बीड

मी वकील नाही, वकिलाच्या हाताखाली काम करतो, तेव्हा हे सल्ला म्हणून धरू नका, वकिलाला दाखवा. पण कुणी कायद्याचं बोललंच नाही म्हणून.

ताई तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणजे हिंदू वारसा कायदा तुम्हाला नाही, तुम्हाला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू. त्यात पोरगा-पोरगी फरकच नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आई हयात असल्यास तिचा एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या लेकरांत सारखं. लग्नात खर्च केला म्हणून हिस्सा कमी होत नाही, तो डायलॉग आम्ही रोज ऐकतो.

फसवून दस्त करून घेतला असेल तर तो रद्द करायच्या दाव्याला मुदत असती तीन वर्षं, फसवणूक कळल्यापासून. हे लक्षात ठेवा कारण समेटाच्या बैठका लांबवत लांबवत मुदत घालवायची ही पण एक पद्धत आहे, मी अनेक घरांत पाहिलीय, त्यात सगळ्या धर्माचे लोक असतात. दुय्यम निबंधकाकडून दस्ताची नक्कल काढा, फेरफाराची नक्कल काढा, मोबदल्याचा निवाडा भूसंपादन कार्यालयातून मिळंल. कागद काढणं म्हणजे केस करणं नाही.

गोदाकाठची_लेक

सगळ्यांचे आभार, मी एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मास्तर, माणसं उलटी उभी केली हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आले.

आई आहे. भावाकडंच असती. तिचा एक तृतीयांश हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, तिला तर नाहीच.

नांदेडच्या दादाचं पण मनाला लागलं. मला खरंच भीती वाटती की मी माफ केलं नाही तर मला माफी नाही. मी रोज प्रभूची प्रार्थना म्हणते आणि क्षमेच्या त्या ओळीवर जीभ अडखळती. मला भावाचं वाईट व्हावं असं वाटत नाही हो. त्याचा ॲक्सिडेंट झाला होता तेव्हा पहिली मीच पोचले होते. पण हिस्सा पाहिजे असं वाटणं आणि माफ न करणं हे एकच आहे का? मी सोडून दिला तरच माफ केल्यासारखं होतं का?

आणि अजून एक, वहिनीनं परत मेसेज टाकलाय, स्तोत्र ५१. तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. दावीदानं पण देवाचीच माफी मागितली, माणसांची नाही, असं तिचं म्हणणं.

संडेस्कूलवाली_लातूर

ताई, तुमची वहिनी वचनं शोधण्यात लई हुशार आहे, कमिटीवर घ्या तिला 😀

स्तोत्र ५१ मी दरवर्षी उपवासकाळात मुलांना पाठ करायला लावते, म्हणून त्यावर बोलायचा थोडा हक्क आहे मला. दावीदानं ज्याची बायको घेतली त्या उरीयाची माफी का मागितली नाही? कारण उरीया मेला होता. दावीदानंच मारवला होता. ज्याच्या दारात जायचं ते दारच त्यानं बंद करून टाकलं होतं, आणि हे त्या स्तोत्राचं दुःख आहे, सवलत नाही. आणि नाथान संदेष्टा आला तेव्हा कशाची गोष्ट घेऊन आला? एका गरिबाची एकुलती एक कोकरी, श्रीमंतानं उचलून नेली. दावीद ताडकन बोलला की त्यानं चौपट भरून द्यावं. स्वतःवरचा निकाल स्वतःच्याच तोंडानं, अजून त्याला कळलंही नव्हतं की गोष्ट कुणाची चाललीय. नाथाननं त्याला सांगितलं की परमेश्वरानं तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. माफी मिळाली, त्याच अध्यायात, लगेच. पण घरात जी तलवार शिरली ती शिरलीच. माफी झाली म्हणून नुकसान झालंच नव्हतं असं बायबल कुठंच म्हणत नाही.

जक्कय जकातदार तर तुम्हाला पाठच असंल. ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट देतो म्हणला, आणि आज या घराला तारण मिळालं हे प्रभू त्यानंतर बोलला. पैशानं तारण विकत घेतलं असं नाही, नांदेडचे भाऊ बरोबर आहेत, कृपा फुकटच. येशू आधी त्याच्या घरी गेला, मग त्याची तिजोरी उघडली. पण उघडली! लूकच्याच तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, मग आम्ही काय करावं, तर तो एकालाही जास्त प्रार्थना करा असं सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक दे, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नको, धाकदपटशानं उकळू नको. सगळं कपडे आणि पैसे. मला हे नेहमी गंमतीचं वाटतं.

आता तुमचा खरा प्रश्न. योसेफाला भावांनी विकलं, ते धान्याला आले तेव्हा त्यानं त्यांना ओळखलं, बाजूला जाऊन रडला, म्हणजे मन मऊच होतं. तरी लगेच मिठी मारली का? नाही. धाकट्या बिन्यामिनाला आणा म्हणला, त्याच्या पोत्यात प्याला ठेवून चोरीचा आळ आणला, आणि बघितलं की आता तरी हे धाकट्याला सोडून पळतात का. त्यांच्यातला यहूदा (येशूला धरून देणारा नव्हे, योसेफाचा भाऊ) पुढं झाला, याच्या जागी मला गुलाम ठेवा म्हणला, तेव्हा योसेफ फुटला. मला वाटतं माफ त्यानं आधीच केलं होतं, विश्वास मात्र बघून ठेवला. तुम्ही भावाचं वाईट चिंतत नाही, देवापुढं त्याच्या गळ्याला धरलेला हात सोडलाय, ते माफ करणं. सातबाऱ्यावर नाव मागणं वेगळं.

आणि हिस्सा मागणं पाप आहे का यावर तुम्ही गणना २७ वाचाच. सलाफहादाला मुलगा नव्हता, पाच मुली, महला नोआ होग्ला मिल्का तिरसा, त्या मोशेपुढं, याजकापुढं, अख्ख्या मंडळीपुढं दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या आमच्या बापाच्या भाऊबंदांबरोबर आम्हाला पण वतन द्या. मोशेला उत्तर सुचलं नाही, तो देवाकडं गेला, आणि देव म्हणाला मुलींचं म्हणणं बरोबर आहे. आमच्या संडेस्कूलच्या पुस्तकात हा धडाच नाही, मी झेरॉक्स काढून शिकवते. त्या काही दगड टाकायला आलेल्या नव्हत्या.

मास्तर_रिटायर्ड_जालना

लातूरच्या बाई, नमस्कार. गणना २७ वर मी आयुष्यात एकही उपदेश ऐकला नाही, आणि आमच्याकडं उपदेशांची कमी नव्हती.

एक मनात आलं ते लिहितो. आपल्या बहुतेकांच्या पणज्यांकडं स्वतःच्या नावावर हातभर जमीन नव्हती, गावाच्या कडेला राहणारी माणसं आपण. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हा तिथं ख्रिस्ती झालेल्या माणसांनी राहायला-कसायला जागा मिळणं हीच केवढी मोठी गोष्ट होती. वेशीबाहेर ठेवलेल्यांच्या नातवंडांनी बहिणीला सातबाऱ्याबाहेर ठेवावं, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. असो.

रस्ता मत्तय १८ मध्ये आहे. आधी एकट्यानं जाऊन सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. तू एकटी आधीच बोललीस, तुला लग्नाचा खर्च ऐकवला. आता दुसरी पायरी. पाळक भावाकडं जेवतात म्हणतेस तर त्यांनाच सोबत घे, जेवणाऱ्याला ते घर माहीत असतं. ते नाही म्हणाले तर पंचकमिटीतला एखादा वडील माणूस घे. मी जवळच आहे, बोलावलंस तर येईन, माझं वय झालंय त्यामुळं मला कुणी दारातून परत पाठवत नाही, एवढा फायदा आहे.

अग्नी_नांदेड

कंसाबद्दल माझं मत तेच आहे, ते बदलणार नाही. पण ताई एक बोलतो. आमच्या इथं पण सभांमध्ये साक्षी होतात, मीच माईक देतो लोकांना. घरच्यांना दुखवलं असं बोलणाऱ्याला मी आजवर कधी विचारलं नाही की कुणाला दुखवलं आणि त्यांना सांगितलं का. पुढच्या वेळी माईक द्यायच्या आधी विचारणार. मत्तय ६:१५ माझ्या बाजूनं तसंच राहील, रोज भावासाठी प्रार्थना करा, नाव घेऊन करा, जीभ अडखळली तरी. हिस्सा मागा. कोर्टाचं शेवटी बघा.

गोदाकाठची_लेक

पाळकसाहेबांना फोन केला. आधी म्हणाले घरातलं घरात मिटवा. मी म्हणले साक्ष तर मांडवात दिली होती ना साहेब. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले इस्टर झाल्यावर बसू. मी म्हणले प्रभुभोजन इस्टरच्या आधी आहे, शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, भाऊ पण घेणार, मी पण घेणार, त्याच्या आधी बसू. बरं म्हणाले. मास्तर तुम्ही याच, नंबर पाठवते तुम्हाला वेगळा.

आईला सोबत बसवायचं ठरवलंय. वहिनीला गणना २७ पाठवलं. निळी टिक झालीय, उत्तर नाही.

कोर्टाच्या_आवारात_बीड

नकला काढल्या का?

गोदाकाठची_लेक

सातबारा आणि फेरफार लेकानं ऑनलाइन काढला. दस्ताची नक्कल सोमवारी आणायला जायले.

कोर्टाच्या_आवारात_बीड

दस्त क्रमांक आणि साल फेरफारात लिहिलेलं असतं, ते कागदावर उतरवून न्या, नाहीतर तिथं शोधत बसवतील. आधार कार्डची झेरॉक्स ठेवा सोबत. आणि लंच टाइमच्या आधी पोचा.